दुखण्यावर टेन्सचे यंत्र : घरी वापरताना आणि सांभाळताना



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळीतील अनेक घरांत एक लहानसे यंत्र आले आहे. आकाराने मोबाईलएवढे, पण थोडे जाड. त्यातून दोन किंवा चार वायरी निघतात आणि त्यांच्या टोकाला त्वचेवर चिकटणारे पॅड असतात. कोणी ते फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून घेतले, कोणाला परदेशातील मुलाने पाठवले, कोणी ऑनलाइन मागवले. घरात त्याला ‘करंटचे मशीन’ म्हणतात. त्याचे खरे नाव टेन्स. पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना आता असेही विचारले जाते, “आईचे हे मशीन घरी पडून आहे, तिकडे कोणाला उपयोगी पडेल का?”

प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो आणि गरजही खरी आहे. भातलावणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या, डोक्यावर मोळी आणि हंडे वाहणाऱ्या बायांच्या कंबरा आणि गुडघे चाळिशीच्या आतच बोलू लागतात. शहरातील आपल्या वडीलधाऱ्यांचे गुडघेही काही वेगळे बोलत नाहीत. हे यंत्र चालू करायला एक मिनिट पुरते. पण ते कोणाला लावायचे नाही, शरीरावर कोठे लावायचे नाही आणि त्याचे पॅड कसे जपायचे, हे ठाऊक नसेल तर ते एक तर कपाटात पडून राहते, नाही तर इजा करते. म्हणून या लेखात त्याविषयी सविस्तर पाहू.

टेन्स म्हणजे काय?

‘ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन’ या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप. अर्थ सोपा आहे : त्वचेवरून विजेचे अगदी सौम्य स्पंद देऊन मज्जातंतूंना जागे करणे. ही वीज घरातील प्लगमधली नव्हे. ती लहान सेलमधून किंवा यंत्रातील बॅटरीतून येते आणि मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजली जाते.

ती काम कशी करते? पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आपण नकळत अंगठा चोळतो आणि थोडे बरे वाटते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचा एक खुलासा मांडला. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातो. स्पर्शाचे, चोळल्याचे निरोप जाड मज्जातंतूंतून वेगाने येतात आणि ते फाटक काही प्रमाणात लोटून घेतात. त्यामुळे वेदनेचा निरोप कमी पोचतो. टेन्सच्या झिणझिण्या हेच चोळण्याचे काम करतात. कमी वेगाचे, जरा जोरकस स्पंद दिले तर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्येही सोडते.

कल्पना तशी जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवात आणि डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. आज मासा नको, बटण आहे. परंतु एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे : यामुळे दुखणे दबते, दुखण्याचे कारण बरे होत नाही. झिजलेली कूर्चा भरून येत नाही, सरकलेली गादी जागेवर जात नाही.

मग उपयोग किती?

याविषयी तज्ज्ञांमध्ये एकमत नाही, आणि ते वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की यंत्र चालू असताना आणि त्यानंतर लगेच, खोट्या उपचाराच्या तुलनेत दुखणे कमी जाणवते. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स देऊ नये असे म्हटले, कारण टिकाऊ फायद्याचा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर आपल्यासाठी व्यवहाराचा अर्थ असा : काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही. पडला तरी तो बहुधा यंत्र चालू असेपर्यंत आणि पुढे थोडा वेळ टिकतो. म्हणून तो वेळ वाया घालवू नये. दुखणे कमी असताना फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करावेत, अंगणात चार फेऱ्या माराव्यात. गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट करणारा उपाय व्यायाम हाच आहे. यंत्र त्याचा मदतनीस आहे. दोन-तीन आठवडे नीट वापरूनही फरक वाटला नाही, तर हा उपाय आपल्यासाठी नाही असे समजून डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र यंत्र आले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत.

कोणी वापरू नये?

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय टेन्स मुळीच लावू नये :

• ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा शरीरात विजेवर चालणारे दुसरे उपकरण बसवले आहे.
• गरोदर स्त्रिया, आणि गरोदर असण्याची शक्यता असलेल्या स्त्रिया.
• ज्यांना फिट येतात किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार आहे.
• ज्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे किंवा तशी शंका आहे.
• कर्करोगाचे रुग्ण. विशेषतः गाठीच्या जागेवर लावू नये.
• ज्यांना यंत्राची जाणीव नीट सांगता येत नाही, उदाहरणार्थ लहान मुले किंवा स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध.

शरीरावर पुढील जागा वर्ज्य आहेत : डोळे, कानशिले आणि तोंड, गळ्याची पुढची बाजू आणि मानेच्या दोन्ही कडा, छाती, विशेषतः एक पॅड पुढे आणि एक पाठीवर असे, जखम, पुरळ किंवा सूज असलेली त्वचा, फुगलेल्या निळ्या शिरा. गळ्याच्या बाजूला रक्तदाब सांभाळणारी नाजूक जागा असते. तेथे स्पंद दिल्यास रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो.

बधिर त्वचेचा धोका

ही बाब वेगळी सांगायला हवी, कारण आपल्या सेवाक्षेत्रात ती वारंवार समोर येते. कुष्ठरोग होऊन गेलेल्या अनेकांच्या हातापायांची संवेदना गेलेली असते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांचे तळवेही बधिर होतात. अशा माणसाला यंत्र लावले की त्याला काही जाणवत नाही. तो म्हणतो, “अजून वाढव.” आपण वाढवत जातो आणि पॅडखाली त्वचा भाजते. ते भाजणेही त्याला कळत नाही. पुढे तेथे जखम होते, आणि बधिर पायावरची जखम भरायला महिने लागतात.

म्हणून पहिल्यांदा पॅड लावण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. माणसाला डोळे मिटायला सांगा. ज्या जागी पॅड लावायचा आहे तेथे कधी कापसाचा बोळा टेकवा, तर कधी आगकाडीचे बोथट टोक हलकेच दाबा. “कापूस की काडी?” असे विचारा. आठ-दहा वेळांत उत्तरे बरोबर आली तर त्वचेला जाणीव आहे. उत्तरे चुकू लागली किंवा “काहीच कळत नाही” असे आले, तर त्या जागी टेन्स लावू नका.

जे दुखणे इशारा देते, ते दाबू नये

वेदना ही शरीराची हाक असते. जुनी, ओळखीची, डॉक्टरांनी तपासलेली गुडघेदुखी वेगळी आणि नवे, अचानक उठलेले दुखणे वेगळे. छातीत कळ येऊन घाम फुटणे, ताप व सूज यांसह सांधा दुखणे, पडल्यानंतर हाड दुखणे, कंबरदुखीबरोबर पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर यंत्र बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

नंदुरबार, गडचिरोली, अमरावती अशा जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना उठतात. ही साधी अंगदुखी नव्हे. अशा रुग्णाला पाणी पाजावे, ऊब द्यावी आणि लवकर दवाखान्यात न्यावे. “आधी मशीन लावून पाहू” म्हणून तास-दोन तास घालवणे जिवावर बेतू शकते. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात तपासणीवर भर आहे. ज्या घरात तपासणी झालेली नाही, तेथे वारंवार हातपाय दुखणाऱ्या मुलाला यंत्र देण्याआधी ती तपासणी करून घ्यावी.

वापरण्याची पद्धत

१. त्वचा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, बाम किंवा मलम लावलेले असेल तर ते निघाले पाहिजे. तेलावर पॅड चिकटत नाही, आणि बामावर लावला तर त्वचेची आग होते. आपल्याकडे गुडघ्याला सकाळ-संध्याकाळ तेल चोळण्याची सवय असते. तेल लावायचेच असेल तर यंत्र झाल्यावर लावा.

२. त्या जागी केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तरा फिरवू नका. त्याने त्वचेवर बारीक चिरा पडतात आणि तेथे करंट टोचतो.

३. यंत्र बंद आहे आणि जोर शून्यावर आहे हे पाहून मगच वायरी जोडा आणि पॅड चिकटवा. दोन पॅडमध्ये निदान दोन बोटे अंतर ठेवा. ते एकमेकांना टेकता कामा नयेत, आणि त्यांचा प्रत्येक कोपरा त्वचेला नीट चिकटलेला हवा.

४. यंत्र सुरू करून जोर हळूहळू वाढवा. झिणझिण्या स्पष्ट जाणवल्या पाहिजेत, पण त्या सुखावह असाव्यात. “जितके सोसेल तितके चांगले” ही समजूत चुकीची आहे. त्याउलट, जेमतेम जाणवेल इतक्या कमी जोराचाही फारसा उपयोग होत नाही.

५. यंत्रावर वेग निवडता येत असेल तर सुरुवातीला ८० ते १०० हर्ट्झ ठेवा. स्पंदाची रुंदी १०० ते २०० मायक्रोसेकंदांच्या दरम्यान चालते. २ ते ४ हर्ट्झच्या वेगात स्नायू ठकठक उडतात. तो प्रकार फिजिओथेरपिस्टने शिकवल्यावरच वापरा.

६. एका वेळी २० ते ३० मिनिटे पुरेशी आहेत. सुरुवातीला दिवसातून एक-दोनदा लावा. काही मिनिटांनी झिणझिण्या कमी वाटू लागतात, कारण शरीराला त्यांची सवय होते. अशा वेळी जोर किंचित वाढवावा.

७. संपल्यावर जोर शून्यावर आणा, यंत्र बंद करा आणि मगच पॅड काढा. त्वचा पाहा. थोडा वेळ राहणारी हलकी लाली चालते. खाज, फोड किंवा दुसऱ्या दिवशीही राहिलेली लाली असेल तर वापर थांबवा.

अंघोळ करताना, ओल्या अंगाने, झोपेत, गाडी चालवताना, चुलीजवळ किंवा विळा-कोयता हातात असताना यंत्र लावू नये. चार्जरला जोडलेले असताना तर कधीच नाही. बाजारातील काही यंत्रांत ‘मसाज’ किंवा स्नायू आकुंचन पावतील असे इतर प्रकारही असतात. ते वेगळे उपचार आहेत. आपल्याला हवा तो टेन्स असे लिहिलेलाच प्रकार.

पॅड कोठे लावावेत?

गुडघ्यासाठी : वाटीवर नव्हे, तर तिच्या दोन्ही बाजूंना. चार पॅड असतील तर दोन वाटीच्या वर आणि दोन खाली, आतल्या व बाहेरच्या अंगाला.

कंबरेसाठी : मणक्यांवर नव्हे, तर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. हे पॅड स्वतःचे स्वतःला नीट लावता येत नाहीत. घरातील कोणाची तरी मदत घ्यावी.

पाळीच्या दुखण्यासाठी : ओटीपोटावर बेंबीच्या खाली दोन बाजूंना, किंवा कंबरेच्या खालच्या भागात. गरोदरपणाची शक्यता नाही याची खात्री आधी हवी. दर महिन्याला दुखणे वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

पॅड आणि यंत्राची निगा

यंत्र बरीच वर्षे टिकते. पॅड टिकत नाहीत. “मशीन बिघडले” असे ज्याविषयी सांगितले जाते, त्यात पुष्कळदा दोष वाळलेल्या पॅडचा असतो. पॅडवरचा चिकट थर हे पाणी धरून ठेवणारे जेल आहे. तेच वीज त्वचेवर सारखी पसरवते. जेल वाळले किंवा त्यावर धूळ, तेल, केस चिकटले की वीज एखाद्या लहानशा जागेतून जाते आणि सुईसारखी टोचते.

म्हणून काढताना पॅड कडेला धरून सोला, वायर ओढू नका. जेलला बोटे लावू नका. लगेच त्यांच्या प्लास्टिकच्या कागदावर चिकटवा आणि बंद होणाऱ्या पिशवीत, सावलीत ठेवा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात माठाजवळची थंड पण कोरडी जागा उत्तम. चिकटपणा कमी झाला तर स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या बोटाने एक-दोन थेंब जेलवर पसरा आणि काही मिनिटे थांबा. पॅड नळाखाली धुऊ नका. नीट सांभाळला तर एक संच साधारण २० ते ३० वेळा चालतो. कडा उचलू लागल्या, जेल फाटले किंवा टोचू लागले की संच बदला. वरून चिकटपट्टी लावून जुना पॅड चालवणे धोक्याचे आहे. तसेच एकाचे पॅड दुसऱ्याने वापरू नयेत. यंत्र घरात एक चालेल, पॅड मात्र ज्याचे त्याचे.

वायर काढताना तिचा प्लग धरा. वायरी सैल गुंडाळा. घट्ट घड्या घातल्या की आतली तार तुटते. यंत्र किंचित ओलसर फडक्याने पुसा, त्यावर पाणी किंवा सॅनिटायझर फवारू नका. बरेच दिवस वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवा, नाही तर ते पाझरून आतील पट्ट्या गंजतात. पावसाळ्यात डब्यात बंद करून ठेवा. सेल आणि वायरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

काहीच जाणवत नसेल तर क्रमाने पाहा : सेल उतरले का, वायर दोन्ही टोकांना नीट बसली का, पॅड वाळले का. यंत्राला वायरींच्या दोन जागा असतील तर वायर अदलाबदल करून पाहा. दोष वायरीबरोबर दुसऱ्या जागी गेला तर वायर खराब आहे; जागा तीच राहिली तर यंत्र दाखवावे लागेल. तपासताना जोर शून्यावर ठेवायला विसरू नका, नाही तर वायर जोडताच एकदम झटका बसतो. यंत्र घरी उघडून जोडकाम करू नये.

दुसऱ्याला देण्याआधी

आपल्याकडील यंत्र कोणाला द्यायचे असेल तर त्याबरोबर या गोष्टी असाव्यात : चालू यंत्र आणि न तुटलेल्या वायरी, पॅडचे निदान दोन नवे संच, नवे सेल किंवा योग्य चार्जर, आणि मराठीत लिहिलेला एक कागद. त्या कागदावर कोणाला लावू नये आणि कोठे लावू नये हे मोठ्या अक्षरांत असावे. पॅड पुढे कोठून मिळतील याचा विचारही आधीच करावा. तालुक्याच्या गावातील औषधाच्या दुकानात ते नेहमी असतातच असे नाही, आणि पॅडविना यंत्र म्हणजे तेलाविना दिवा.

ज्या गावात वाचता येणारे कमी आहेत, तेथे कागद पुरत नाही. आशाताई, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्यापैकी कोणीतरी पहिल्या दोन-तीन वेळा जवळ बसून लावून दाखवावे, मग त्या बाईला स्वतः लावायला सांगावे आणि पाहावे. कापूस-काडीची तपासणीही तिच्या घरच्यांना शिकवावी. दिलेल्या वस्तूबरोबर ही अर्ध्या तासाची शिकवणी गेली, तरच ती वस्तू कामी येईल. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी आजच पॅडची पिशवी उघडून पाहावी. जेल वाळलेले असेल तर पुढच्या वेळी यंत्र लावण्यापूर्वी नवा संच आणावा.